‘एक्सेप्ट’ लिहिण्याआधी ‘सगळे’ कुठे आहेत ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये डिस्पॅच आणि मेल सांभाळतात. दुबईच्या नव्या गिऱ्हाइकाला त्यांनी लिहिलं, ‘एक्सेप्ट ग्रेप्स, वी ऑल्सो सप्लाय अनियन अँड पोमग्रॅनेट.’ मनात होतं, ‘द्राक्षांशिवाय आम्ही कांदा-डाळिंबही पुरवतो.’ गिऱ्हाइकाचं उत्तर आलं की ठीक आहे, कांद्याचा भाव पाठवा, द्राक्षं दुसरीकडून बघतो. साहेब म्हणाले, ‘एक्सेप्ट फॉर’ लिहायला हवं होतं. डिक्शनरीत तर ‘शिवाय, खेरीज’ असाच अर्थ दिलाय, मग चुकलं कुठे? जाता जाता त्यांनी आणखी एक विचारलंय. सिन्नरजवळची वडिलांची जमीन एका कंपनीला गोदामासाठी भाड्याने द्यायची आहे, आणि इंग्रजी मसुद्यात ‘सेव्ह अँड एक्सेप्ट द वेल’ असं आहे. विहीर ‘सेव्ह’ करायची म्हणजे काय? टायपिंगची चूक तर नाही?

मी नाशिकच्या जुन्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, बाजूला कागदपत्रांची भाषांतरं करते आणि संध्याकाळी सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या लोकांना कामापुरतं इंग्रजी शिकवते. दोन्हीकडे हा शब्द सारखा भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साहेबांचं. ‘एक्सेप्ट फॉर ग्रेप्स’ लिहिलं असतं तरी गिऱ्हाईक तेच समजलं असतं. ‘फॉर’ लावल्याने वाक्य व्याकरणात जरा बरं बसलं असतं, पण द्राक्षं बाहेरच राहिली असती. तुम्हाला हवा होता तो शब्दच वेगळा: ‘बिसाइड्स’, किंवा त्याहून सुरक्षित म्हणजे ‘इन अ‍ॅडिशन टु’.

डिक्शनरी खोटं बोलत नाही, पण ती अर्धंच सांगते. गोंधळ इंग्रजी शब्दात नाहीच, आपल्या ‘शिवाय’मध्ये आहे. ‘रमेशशिवाय सगळे आले’ म्हणजे रमेश आला नाही. ‘रमेशशिवाय अजून चौघे आले’ म्हणजे रमेश आला आणि वर चौघे. ‘रमेशशिवायच गाडी भरली’ म्हणजे तो नसताना भरली. ‘रमेश आल्याशिवाय गाडी सोडू नका’ ही तर अट झाली. आपण चारही वाक्यं न अडखळता बोलतो, कारण पुढचे शब्द अर्थ सांभाळून घेतात. इंग्रजीत मात्र या चार कामांना चार वेगळे शब्द आहेत, ओळीने ‘एक्सेप्ट’, ‘बिसाइड्स’, ‘विदाउट’ आणि ‘अनलेस’. आपण मराठीत विचार करून ‘शिवाय’ला डिक्शनरीतला पहिला शब्द डकवला की चारात तीन वेळा फसतो. 2021 साली नाशिकमध्ये ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम निघाली होती. मराठीत आपण ती ‘हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही’ अशी सांगायचो. आता तिथे कोणी ‘नो पेट्रोल एक्सेप्ट हेल्मेट’ लिहिलं, तर पंपावर पेट्रोल नाही पण हेल्मेट मिळेल, असा काहीतरी अर्थ निघेल.

‘खेरीज’ आणि ‘व्यतिरिक्त’ हेही ‘शिवाय’सारखेच दोन्ही डगरींवर हात ठेवणारे. ‘वगळता’, ‘वगळून’ आणि ‘सोडून’ मात्र एकाच बाजूचे आहेत. म्हणून वर्गात मी एकच सवय लावायला सांगते. इंग्रजी लिहिण्याआधी आपल्या मराठी वाक्यात ‘शिवाय’च्या जागी ‘वगळता’ घालून बघा. ‘रमेश वगळता सगळे आले’, अर्थ तोच राहिला, तर ‘एक्सेप्ट’ चालेल. ‘द्राक्षं वगळता आम्ही कांदा-डाळिंबही पुरवतो’ असं म्हणताच तुम्हाला स्वतःलाच खटकेल, कारण तुम्ही द्राक्षं वगळत नाही आहात. वाक्यात ‘ही’, ‘सुद्धा’, ‘अजून’, ‘वर’ असं काही असेल तर तिथे बेरीज चालली आहे, आणि बेरजेच्या वाक्यात ‘एक्सेप्ट’ कधीच बसत नाही. तुमच्या वाक्यात ‘एक्सेप्ट’ आणि ‘ऑल्सो’ शेजारी बसले होते. एक वजा करतोय, दुसरा मिळवतोय. गिऱ्हाइकाने पहिला शब्द धरला, एवढंच झालं.

‘एक्सेप्ट’चं काम क्रेटमधून एक घड बाहेर काढून ठेवण्यासारखं आहे. आधी भरलेला क्रेट समोर पाहिजे. इंग्रजी वाक्यात हा क्रेट ‘ऑल’, ‘एव्हरी’, ‘एनी’, ‘नो’, ‘नथिंग’, ‘होल’ अशा शब्दांनी भरला जातो. ‘वी एक्सपोर्ट ऑल व्हरायटीज एक्सेप्ट शरद’: सगळे वाण जातात, काळी शरद जात नाही. ‘द ऑफिस इज ओपन एव्हरी डे एक्सेप्ट संडे.’ ‘नोबडी सायन्ड एक्सेप्ट द ड्रायव्हर.’ तुमच्या मेलमध्ये असं ‘सगळे’ सांगणारं काही नव्हतंच. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे, त्यातून हा शब्द आला. बाहेर काढून घेणं हे त्याच्या हाडातच आहे.

हा घोळ इतका टिकून का राहतो, याचं एक कारण माझ्या लक्षात आलंय. नकारार्थी वाक्यात तो उघडा पडत नाही. ‘नोबडी केम एक्सेप्ट रमेश’ म्हणा की ‘नोबडी केम बिसाइड्स रमेश’ म्हणा, रमेश आला आणि बाकी कोणी नाही, हे दोन्हीतून कळतं. माणूस अशी वाक्यं वर्षानुवर्षं लिहितो, कोणी टोकत नाही, आणि त्याला वाटतं दोन्ही शब्द एकच. मग एके दिवशी होकारार्थी वाक्य येतं आणि ऑर्डर जाते.

इंग्रजीतही एक शब्द अगदी आपल्या ‘शिवाय’सारखा आहे: ‘अपार्ट फ्रॉम’. ‘अपार्ट फ्रॉम ग्रेप्स, वी सप्लाय अनियन’ हे बेरजेचं आहे, आणि ‘अपार्ट फ्रॉम रमेश, एव्हरीवन केम’ हे वजाबाकीचं. गप्पांत, निबंधात खुशाल वापरा. पण ज्या ओळीवर पैसे, माल किंवा तारीख टांगलेली आहे तिथे मी तो शब्द खोडते. ‘बिसाइड्स’बद्दलही एक बारीक सूचना, शेवटचा ‘एस’ विसरू नका. ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी.

गेलेल्या मेलचं काय करायचं? लांबलचक माफीनामा नको. ‘टु क्लॅरिफाय अवर अर्लियर मेल: ग्रेप्स आर अवर मेन प्रॉडक्ट. इन अ‍ॅडिशन टु ग्रेप्स, वी सप्लाय अनियन अँड पोमग्रॅनेट.’ सोबत द्राक्षाचे वाण आणि भाव. आपला मुख्य माल कोणता, हे स्वतंत्र वाक्यात सांगितलं की एखादा शब्द इकडेतिकडे झाला तरी धंदा बुडत नाही.

आता ‘एक्सेप्ट’ की ‘एक्सेप्ट फॉर’. इथे थोडं अवलंबून आहे. ‘ऑल’, ‘एव्हरी’, ‘नो’ असा शब्द लगेच आधी असेल तर दोन्ही चालतात: ‘ऑल द बॉक्सेस एक्सेप्ट टू’, ‘ऑल द बॉक्सेस एक्सेप्ट फॉर टू’. पहिलं जरा सुटसुटीत. वाक्याची सुरुवातच करायची असेल तर ‘एक्सेप्ट फॉर’ घ्या: ‘एक्सेप्ट फॉर टू बॉक्सेस, द होल लॉट वॉज क्लिअर्ड.’ आणि वाक्यात ‘सगळे’ उघड लिहिलेलं नसेल, आधी सरसकट विधान करून मग त्याला बारीक गालबोट लावायचं असेल, तरीही ‘एक्सेप्ट फॉर’: ‘द पॅकिंग वॉज गुड एक्सेप्ट फॉर सम लूज लेबल्स.’ उलट पुढे ‘ऑन’, ‘इन’, ‘व्हेन’ असे शब्द असतील तर ‘फॉर’ घालायचा नाही: ‘एक्सेप्ट ऑन संडेज’, ‘एक्सेप्ट व्हेन इट रेन्स’. ‘एव्हरीवन एक्सेप्ट मी’ म्हणायचं, ‘एक्सेप्ट आय’ नाही. तुमच्या साहेबांनी ‘फॉर’ सुचवला तो बहुधा वाक्याच्या सुरुवातीचा नियम आठवून. तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर होतं.

स्पेलिंगचा सापळा मात्र अर्थाहून जास्त महाग पडतो. ‘अ‍ॅक्सेप्ट’ आणि ‘एक्सेप्ट’ दोन्ही त्याच ‘कापेरे’चे, पण एक आत घेतो आणि दुसरा बाहेर काढतो. आपल्या तोंडी दोन्ही सारखेच येतात, अमेरिकन माणसाच्या तोंडीही फारसा फरक ऐकू येत नाही. कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. मग ‘वी एक्सेप्ट युअर ऑफर’ अशी मेल जाते. वाचणारा समजून घेतो बहुतेक वेळा. पण ‘ऑल टर्म्स आर अ‍ॅक्सेप्टेड एक्सेप्ट क्लॉज सेव्हन’ यासारख्या वाक्यात दोघांची अदलाबदल झाली तर काय मान्य आणि काय अमान्य याचा पत्ता लागत नाही. म्हणून स्वीकार कळवताना मी लोकांना ‘वी अ‍ॅग्री टु’ लिहायला सांगते. पळवाट आहे, पण पक्की आहे.

याच कुळातले आणखी काही शब्द तुमच्या टेबलावर येणार, म्हणून सांगून ठेवते. ‘बट’चा अर्थ नेहमी ‘पण’ नसतो. गिऱ्हाइकाने ‘द फ्रूट वॉज एनीथिंग बट फ्रेश’ लिहिलं तर ती तक्रार आहे: फळ ताजं सोडून बाकी काहीही होतं, म्हणजे मुळीच ताजं नव्हतं. ‘नथिंग बट फ्रेश’ लिहिलं असतं तर कौतुक. आणि ‘द स्टॉक इज ऑल बट फिनिश्ड’ म्हणजे माल संपल्यात जमा. एकाने ते वाचून ‘सगळं आहे’ असा निरोप आत दिला होता, आणि आत गाडी मागवलीही होती.

‘एक्सक्लुझिव्ह’चंही असंच. येवल्यात ‘एक्सक्लुझिव्ह पैठणी’ अशी पाटी दिसली तर तिथे फक्त पैठणी. पण कोटेशनवर ‘एक्सक्लुझिव्ह ऑफ जीएसटी’ असेल तर जीएसटी त्या आकड्यात नाही, वेगळा लागणार. शब्द एकच. एकीकडे ‘तेवढंच’, दुसरीकडे ‘तेवढं सोडून’. पुढे ‘ऑफ’ आहे का, एवढं बघितलं तरी पुरतं. कोणी ‘वी टेक एक्सेप्शन टु युअर रिमार्क’ लिहिलं तर ते सवलत देत नाहीत, त्यांना राग आलाय, आक्षेप आहे. तुमच्या इन्व्हॉइसच्या तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’ छापलेलं असेल, ‘एरर्स अँड ऑमिशन्स एक्सेप्टेड’. ते आपलं ‘चूभूद्याघ्या’च आहे. चुका आणि राहून गेलेलं हे आमच्या हमीतून बाहेर, असा त्या ‘एक्सेप्टेड’चा अर्थ. तिथे कोणी ‘ए’ लावून ‘अ‍ॅक्सेप्टेड’ छापलं की चुका आम्हाला मान्य आहेत असं होतं. अशी छापील बिलबुकं मी पाहिली आहेत.

आता कायद्याच्या कागदांकडे. इथे वाक्यं लांब असतात, पण क्रेट आणि घड हीच रीत लागू पडते. राज्यघटनेचं 21 वं कलम घ्या: ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्हड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टु प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.’ आधी ‘नो पर्सन’ म्हणून सगळ्यांना कवच, मग त्याला एकच दार. किती मोठा वाद या एका दारावरून झालाय! ती ‘प्रोसीजर’ कशी असली पाहिजे यावर सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती असली की पुरे अशी भूमिका घेतली आणि 1978 च्या मनेका गांधी खटल्यात ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असं सांगितलं. कायदा कशाला सूट देतो हे ‘एक्सेप्ट’च्या उजव्या बाजूला असतं, म्हणून भांडण नेहमी तिथेच होतं.

तुमच्या ‘सेव्ह’चं उत्तरही घटनेतच आहे. 265 वं कलम सांगतं, कोणताही कर लावला जाणार नाही ‘एक्सेप्ट बाय अथॉरिटी ऑफ लॉ’. 300 अ कलम, जे 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने आलं आणि मालमत्तेबद्दल आहे, ते म्हणतं ‘सेव्ह बाय अथॉरिटी ऑफ लॉ’. दोन्हीकडे अर्थ तोच, ‘खेरीज’. त्यामुळे तुमच्या मसुद्यातला ‘सेव्ह’ म्हणजे वाचवणं नव्हे आणि टायपिंगची चूकही नव्हे. ‘सेव्ह अँड एक्सेप्ट’ ही वकिली जोडी आहे, ‘नल अँड व्हॉइड’सारखी. दोन शब्द, काम एकाचं.

तुमच्या विहिरीकडे वळण्याआधी विम्याचं एक वाक्य सांगते, कारण लोक ते घेऊन घाबरून येतात. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत काय मिळणार नाही याची यादी असते. त्यात बाळंतपणाच्या खर्चाच्या कलमात ‘एक्सेप्ट एक्टोपिक प्रेग्नन्सी’ असे शब्द येतात. गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला, तर त्याला एक्टोपिक म्हणतात. वाचणाऱ्याला वाटतं की हेही नाही मिळणार. उलट आहे. यादीच नकाराची आहे, आणि ‘एक्सेप्ट’ त्या नकारातून ते बाहेर काढतोय, म्हणजे नाकारण्याचं हे कारण त्याला लागू नाही. पॉलिसीच्या बाकी अटी असतातच, त्या वेगळ्या बघाव्या लागतात. पण क्रेट कशाचा भरलाय, मिळणाऱ्या गोष्टींचा की न मिळणाऱ्या, हे आधी मथळ्यावरून ठरवा.

तर तुमचा भाडेकरार. मराठी खरेदीखतात आपण ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह दरोबस्त’ असं लिहितो. ‘दरोबस्त’ म्हणजे सगळंच्या सगळं. इंग्रजी मसुद्यात तेच काम ‘ऑल दॅट पीस अँड पार्सल ऑफ लँड’ करतं. म्हणजे क्रेट काठोकाठ भरला. त्यातून ‘सेव्ह अँड एक्सेप्ट द वेल’ म्हणून विहीर बाहेर काढली आहे. विहीर भाड्याने जात नाही, वडिलांकडेच राहते. हे तुमच्या बाजूचं आहे, ते खोडू देऊ नका.

पण दोन ठिकाणी बोट ठेवून विचारा. पहिलं, वाक्यात आधी दोन-तीन वस्तू असतील तर ‘एक्सेप्ट’ नेमका कोणाला चिकटतो? मध्यंतरी एका कागदात ‘ऑल मशिन्स अँड टूल्स इन द शेड एक्सेप्ट दोज अंडर रिपेअर’ असं होतं. ‘दोज’ म्हणजे फक्त दुरुस्तीतली हत्यारं की दुरुस्तीतली मशिनंसुद्धा, यावर दोन्ही पक्ष अर्धा तास माझ्या टेबलापाशी हुज्जत घालत बसले. भाषांतर करून हे सुटत नाही, कारण मूळ वाक्यच दोन तोंडांचं आहे. शेवटी दुरुस्तीतल्या वस्तूंची नावं आणि नंबर लिहूनच ते मिटलं. तुमच्याकडे नुसतं ‘द वेल’ न लिहिता गट नंबर, विहिरीची जागा, भोवतीची किती आर जमीन वगळली हे यायला हवं. जमले तर सोबत हातनकाशा.

दुसरं जास्त महत्त्वाचं, आणि इथे मात्र भाषेचं काम संपून वकिलाचं सुरू होतं. वस्तू वगळणं वेगळं आणि हक्क राखून ठेवणं वेगळं. विहीर वगळली, पण ती गोदामाच्या जमिनीच्या मधोमध असेल तर उद्या वडील तिथपर्यंत जाणार कुठून? मोटारीची केबल आणि पाइपलाइन कोणाच्या जमिनीतून? कंपनीने कंपाउंड घालून गेटला कुलूप लावलं तर? ‘एक्सेप्ट’ने विहीर तुमची राहिली, वाट आपोआप राहिली असं धरून चालू नका. त्यासाठी ‘रिझर्व्हिंग’ हा शब्द आणि त्याच्यापुढे जाण्यायेण्याचा, पाइपलाइन टाकण्याचा, दुरुस्तीचा हक्क स्पष्ट लिहिलेला असतो. ‘एक्सेप्टिंग अँड रिझर्व्हिंग’ अशी जोडी कागदात दिसते ती यासाठी, आणि ही जोडी ‘सेव्ह अँड एक्सेप्ट’सारखी एकाच अर्थाची नाही. तुमच्या मसुद्यात विहिरीच्या ओळीनंतर वाटेबद्दल काही आहे का ते बघा. नसेल तर सही होण्याआधी वकिलाला तो मुद्दा दाखवा आणि वाट किती फूट रुंद, कोणत्या बाजूने, ट्रॅक्टर जाईल का, हे आकड्यांत लिहून घ्या.